ओसी ग्राफिक्स कार्ड आणि मराठवाड्याचा उन्हाळा : तापणारं, अडखळणारं कार्ड पायरीपायरीने ठिकाणावर आणताना

होळी झाली की परभणीतल्या आमच्या दुकानावर एकाच जातीच्या तक्रारी यायला लागतात. "हिवाळ्यात मस्त चालत होतं, आता गेम पंधरा मिनिटांत अडकतो." "रेंडर टाकून जेवायला गेलो, येऊन बघतो तर मशीन बंद." लग्नसराई आणि वैशाखाचं ऊन एकदमच येतं. एडिटिंग करणाऱ्या पोरांच्या हातात सगळ्यात जास्त काम असतं, नेमकं तेव्हाच कार्ड दगा देतं. गिऱ्हाईक घाबरून विचारतं, कार्ड गेलं का? बहुतेक वेळा गेलेलं नसतं. ते कारखान्यातूनच वेग वाढवून आलेलं, म्हणजे ओसी (ओव्हरक्लॉक केलेलं) कार्ड असतं. त्याला दिलेली मोकळीक आपल्या एप्रिल-मेच्या हवेला पुरत नाही, एवढंच. ती मोकळीक आपण परत देऊ शकतो, आणि बऱ्याचदा स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता.

ओसी म्हणजे नक्की काय विकत घेतलं

चिप बनवते एनव्हिडिया किंवा एएमडी. तिच्यावर बोर्ड, फॅन आणि हिटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पाती) चढवून कार्ड विकतात दुसऱ्या कंपन्या. चिपवाल्यांनी एक बूस्ट वेग, म्हणजे भार आल्यावर चिपने गाठायचा वेग, ठरवून दिलेला असतो. बोर्डवाल्या कंपन्या तो थोडा वाढवतात, खोक्यावर ओसी छापतात आणि दोन-चार हजार जास्त घेतात. आरटीएक्स ३०६०चा मूळ बूस्ट १७७७ मेगाहर्ट्झ आहे. त्याचीच काही ओसी कार्डं १८३७ वर येतात. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. गेममध्ये सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळत होत्या तिथे फार तर बासष्ट.

उष्णतेचा हिशोब मात्र वेगळा आहे. चिप खाते ती वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या बाबतीत त्याच्या वर्गाच्या, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेजच्या, प्रमाणात. वेग तीन टक्के वाढवायला व्होल्टेजही तीन टक्के वाढवावं लागलं, तर वीज नऊ टक्क्यांनी चढते. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. पुढचं सगळं समजायला हा एक हिशोब लक्षात असला की पुरे, कारण उलटा चालवला की तोच आपल्या कामी येतो. वेग थोडासा सोडला की उष्णता भरपूर कमी होते.

परीक्षणातले आकडे आपले नाहीत

नेटवरचं परीक्षण एसीच्या खोलीत, बावीस-पंचवीस अंशांत केलेलं असतं. कुलिंग हवेचंच असल्यामुळे कार्ड खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतं. तिथे पंचवीसच्या खोलीत ७२ दाखवलं, तर ते खोलीच्या सत्तेचाळीस अंश वर आहे. आपल्याकडे कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा पारा ४३-४४ छापून येतो त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत दुपारी ४० सहज असतं. चाळीस आणि सत्तेचाळीस, म्हणजे ८७. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षाही गरम असते, ते वेगळंच.

एनव्हिडियाच्या १०, २० आणि ३० मालिकेतल्या बहुतेक कार्डांचं ठरवलेलं तापमान-लक्ष्य ८३ अंशांच्या आसपास असतं. तिथे पोचलं की कार्ड आपण होऊन वेग उतरवतं. म्हणजे मे महिन्यात जादा पैसे देऊन घेतलेला ओसी वेग चालतच नाही. कार्ड मूळ वेगाच्याही खाली येतं, फॅन तेवढा कर्कश होतो. गावाकडे माळवदाच्या जुन्या घरात ज्याची बैठक आहे, त्याचं तेच कार्ड बरं चालतं. जाड मातीचं छत दुपारचं ऊन आत येऊ देत नाही. लातूरला किंवा नांदेडला तिसऱ्या मजल्यावर, गच्चीखालच्या खोलीत राहणाऱ्याने मात्र परीक्षणातल्या आकड्यात सरळ पंधरा अंश मिळवून कार्ड निवडावं.

पायरी पहिली : दुखणं ओळखा

घाईत चिप आणि हिटसिंकमधली पेस्ट बदलायला बसू नका. "कार्ड खराब आहे" या एका वाक्याखाली चार निरनिराळी दुखणी असतात आणि चौघांचे उपाय वेगळे.

सुरुवातीला छान चालतं, वीस मिनिटांनी फ्रेम पडतात, फॅन ओरडतो, पण काही बंद पडत नाही. हे तापणं. कार्ड स्वतःला वाचवत असतं.

तापमान ६५ असतानाही स्क्रीन काळी होते, गेम बाहेर फेकतो, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बंद पडून पुन्हा सुरू झाल्याचा संदेश येतो. हे उष्णतेचं नसतं, वेग झेपत नसल्याचं असतं. गंमत म्हणजे हे बऱ्याचदा हलक्या कामात होतं, गेमच्या मेनूत किंवा लोडिंगच्या पडद्यावर. भार कमी असला की कार्ड सगळ्यात वरच्या वेगावर उडी मारतं आणि तिथेच घसरतं.

पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी, झिलमिल दिसत असेल तर मेमरीकडे बघा. आणि संदेश-बिंदेश काही न येता अख्खं मशीन टपकन बंद होऊन परत सुरू होत असेल, तर आधी संशय एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि विजेवर.

दुसऱ्या दुखण्याचं मोठं उदाहरण २०२०च्या सप्टेंबरात सगळ्यांनी पाहिलं. आरटीएक्स ३०८० बाजारात आलं आणि पहिल्या काही दिवसांतच लोकांची कार्डं गेममध्ये कोसळू लागली, विशेषतः ओसी केलेली, वेग २००० मेगाहर्ट्झच्या आसपास गेला की. चिपच्या मागच्या बाजूला कोणत्या जातीचे कपॅसिटर (वीज स्थिर ठेवणारे छोटे भाग) लावलेत यावर बरीच चर्चा झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस एनव्हिडियाने ४५६.५५ हा ड्रायव्हर दिला आणि बहुतेकांचा त्रास थांबला. नवंकोरं, महागडं, गार असलेलं कार्डही वेगाच्या काठावर उभं केलं तर पडतं. त्यात वापरणाऱ्याची चूक नसते.

पायरी दुसरी : मोजा, वहीत लिहा

एचडब्ल्यूइन्फो आणि जीपीयू-झेड ही दोन मोफत सॉफ्टवेअर टाका. पाच आकडे बघायचे : कोरचं तापमान, हॉटस्पॉट, मेमरीचं तापमान, प्रत्यक्ष वेग आणि वॅट. सहावा आकडा खोलीचा. भिंतीवरचा साधा थर्मामीटर चालतो, पण तो आकडा लिहिल्याशिवाय बाकीचे पाच निरर्थक आहेत. सकाळी सहाचं आणि दुपारी तीनचं मोजमाप शेजारी ठेवून तुलना करणारे लोक मी रोज बघतो.

भार म्हणून तुमचा नेहमीचा गेम किंवा नेहमीचा रेंडर अर्धा तास चालवा. फरमार्क हे चाचणीचं सॉफ्टवेअर कार्डाला विनाकारण भाजून काढतं. मेच्या दुपारी मी ते लावत नाही, तुम्हीही लावू नका.

हॉटस्पॉट म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा. कोर आणि हॉटस्पॉटमध्ये दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचा आहे. पंचवीस-तीसच्या पुढे गेला तर पेस्ट सुकली आहे किंवा हिटसिंक नीट बसलेला नाही असं समजा. एनव्हिडियाच्या ५० मालिकेत हा आकडा दिसत नाही, तिथे कोर आणि मेमरीवरच भागवावं लागतं. एएमडीच्या आरएक्स ५०००पासून पुढच्या कार्डांत हॉटस्पॉटची मर्यादा ११० ठेवलेली आहे, त्यामुळे तिथे ९५ दिसलं म्हणून छाती दडपायचं कारण नाही. पण ११० ला चिकटूनच बसत असेल तर बिघाड आहे. आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या मूळ रचनेच्या काही कार्डांत नेमकं हेच झालं होतं आणि २०२३च्या जानेवारीत एएमडीने कार्डावरच्या कुलिंगमधला दोष मान्य केला. ३०८०, ३०९० यांसारख्या कार्डांवरची जीडीडीआर-६एक्स मेमरी ११० ला पोचली की वेग सोडते. ती शंभरीच्या आत ठेवायची.

जीपीयू-झेडमध्ये परफकॅप रीझन नावाची ओळ आहे. कार्डाचा वेग कशामुळे थांबला ते ती सांगते. तिथे थर्म आलं तर उष्णता, पॉवर आलं तर विजेची मर्यादा. व्हीरेल आलं तर व्होल्टेजची कमाल गाठली, ते काळजीचं नाही.

पायरी तिसरी : झाकण काढून बघा

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तीच अर्ध्या तासाची चाचणी परत घ्या. आठ-दहा अंश उतरले तर कार्ड निर्दोष आहे, कॅबिनेट श्वास घेत नाही. दोन अंशांचाच फरक पडला तर दुखणं कार्डात. एक पैसा न लागणारी ही चाचणी मी सगळ्यांच्या आधी करतो.

समोर अखंड काच असलेली कॅबिनेट दिसायला देखणी असतात, पण आपल्या भागासाठी ती नकोत. समोर जाळी, तिथून आत येणारे दोन फॅन, मागून बाहेर जाणारा एक, एवढं असलं तरी काम भागतं. आणि संगणक टेबलाच्या त्या बंद लाकडी कप्प्यातून बाहेर काढा. त्या कप्प्यात कार्ड आपलीच गरम वाफ पुन्हा पुन्हा ओढतं.

धुळीबद्दल जरा जास्त सांगावं लागेल, कारण आपली धूळ वेगळी आहे. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, फॅनच्या बेअरिंगपर्यंत जाते. जिनिंगजवळ घर असेल, सेलू-मानवत पट्ट्यात अशी किती तरी आहेत, तर हिवाळ्यात कापसाचे तंतू हिटसिंकच्या पात्यांवर चक्क गादी अंथरतात. त्यावर उन्हाळ्यात कुलरची दमट हवा आली की सगळ्याचा लगदा होतो आणि वाळून घट्ट बसतो. असं कार्ड वरून स्वच्छ दिसतं. फॅनच्या पात्यांमधून टॉर्च मारून आत बघा.

साफ करताना मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने फॅन भरधाव फिरला तर बेअरिंग जातं, आणि फिरणारा फॅन वीज उलटी बोर्डात ढकलतो. लगदा झाला असेल तर मऊ ब्रशने आधी सैल करा. ओलं फडकं नको. हे काम वर्षातून दोनदा करा, कापसाचा हंगाम संपल्यावर आणि पावसाळ्याच्या तोंडावर.

कुलरचं तोंड कॅबिनेटकडे कधीही करू नका. हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, आणि आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. ते थेंब सुकले की पांढरे डाग मागे राहतात, बोर्डवर ते गंज आणतात. कुलर खिडकीत लावा, समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवा म्हणजे हवा खोलीतून वाहती राहील. खोलीचं तापमान त्याने चांगलंच उतरतं आणि तेवढे अंश कार्डालाही आपोआप मिळतात.

पायरी चौथी : पॉवर लिमिट आणि अंडरव्होल्ट

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाचा वेग आणि वीज बदलायचं सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं.

आधी कार्डाच्या कडेला एखादं चिमुकलं बटण आहे का बघा. बऱ्याच ओसी कार्डांवर दोन बायोस (कार्डातच भरून ठेवलेल्या सेटिंग) असतात, एक ओसीचं, एक शांत. मशीन बंद करून बटण सरकवायचं. शांत बायोसमध्ये फॅन हळू फिरत असेल तर उन्हाळ्यात ते उलटं पडू शकतं, म्हणून बदलल्यावर पुन्हा मोजा.

मग आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट १०० वरून ८० वर आणा आणि बदल लागू करायची टिक दाबा. झालं. दोनशे वॅटचं कार्ड १६० वॅटवर बांधलं गेलं. फ्रेम वीस टक्क्यांनी पडत नाहीत, फार कमी पडतात, कारण मघाचा वर्गाचा हिशोब आता आपल्या बाजूने चालतो. वरचे शेवटचे मेगाहर्ट्झच सगळ्यात जास्त वीज खात असतात.

गार असूनही कोसळणाऱ्या कार्डाला कोर क्लॉक उणे ५० करून बघा. थांबलं तर निदान पक्कं. उणे १०० पर्यंत गेलं तरी तुम्ही फक्त ओसीचं लेबल सोडलंत, कार्ड तेच आहे. ठिपके येत असतील तर मेमरी क्लॉक उणे २०० पासून सुरू करा.

अंडरव्होल्ट, म्हणजे वेग फारसा न सोडता व्होल्टेज कमी करणं, याच्या एक पाऊल पुढे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की वेग आणि व्होल्टेजचा आलेख उघडतो. ३० मालिकेतलं कार्ड मुळात १०५० मिलिव्होल्टच्या आसपास चालतं. आधी कोर क्लॉकची पट्टी उणे २०० च्या आसपास नेऊन अख्खा आलेख खाली करा. मग ९०० मिलिव्होल्टवरचा ठिपका धरून तुम्हाला हवा त्या वेगापर्यंत, समजा १८००, वर ओढा. टिक दाबली की त्याच्या उजवीकडचा आलेख सपाट होतो. आता कार्ड ९०० च्या वर जाणार नाही. तासभर नेहमीचं काम करून बघा. टिकलं तर ८७५ चा प्रयत्न, कोसळलं तर ९२५. एकदम खाली उडी मारू नका. प्रत्येक चिपची कुवत वेगळी असते, मित्राचे आकडे तुमच्या कार्डाला लागू पडतीलच असं नाही. एएमडीवाल्यांनी हेच काम ॲड्रेनालिन सॉफ्टवेअरमध्ये, ट्यूनिंगच्या पानावर करायचं.

पक्के झालेले आकडे प्रोफाइल एकमध्ये ठेवा, हिवाळ्याचे प्रोफाइल दोनमध्ये. दसऱ्यानंतर दुसरं लावा, होळीला पहिलं.

फॅनचंही इथेच. पुष्कळ कार्डांचे फॅन पन्नास-साठ अंशांपर्यंत फिरतच नाहीत, शांततेसाठी. आपल्याकडे नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला तरी कार्ड पन्नाशीला असतं, मग फॅन सारखा चालू-बंद होत राहतो आणि मोटर दमते. उन्हाळ्यात ४० अंशांपासूनच तीस टक्क्यांवर सतत फिरता ठेवा, ७० ला सत्तर टक्के, ८० ला नव्वद.

पायरी पाचवी : वीज

पीसीआय स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या वायरीतून ७५, आठ पिनच्या वायरीतून १५०. कार्डाला आठ पिनचे दोन कनेक्टर असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी काढा. एकाच वायरीला फुटलेली दोन तोंडं लावली की सगळा भार एका वायरीवर येतो, कनेक्टर तापतो.

एसएमपीएसवरचा ८० प्लसचा, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा, शिक्का २३ अंशांच्या आसपासच्या चाचणीवर मिळतो. चाळीसच्या खोलीत स्वस्त एसएमपीएस तेवढे वॅट देत नाही. मोठ्या कार्डांचा भार क्षणभरासाठी लिहिलेल्या वॅटच्या बराच वर उसळतो, त्या क्षणी मशीन टपकन बंद होतं आणि शिव्या कार्डाला बसतात. ओसी कार्ड असेल तर शिफारशीपेक्षा शंभर वॅट जास्तीचा घ्या.

यूपीएसचं गणितही बघून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच ओढतो. लाइट गेल्यावर गेम चालू ठेवण्यासाठी तो नाही, फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यासाठी आहे. आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर संगणकवाल्याच्या आधी वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो, मीठ-कोळसा घालून बादलीभर पाणी टाकलं की पुष्कळदा फरक पडतो. गावातली डीपी बदलल्यावर व्होल्टेजही एकदा तपासून घ्या.

पायरी सहावी : उघडायचंच असेल तर

वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका. काही कंपन्या स्क्रूवर स्टिकर लावतात. आधी ईमेल करून विचारा, उत्तर जपून ठेवा.

वॉरंटी संपली असेल आणि हॉटस्पॉटचा फरक तीसच्या पुढे असेल, तर पेस्ट बदलण्यात अर्थ आहे. पण खरी मेख थर्मल पॅडमध्ये, म्हणजे उष्णता हिटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्यांमध्ये, असते. मेमरीवरचे आणि व्हीआरएमवरचे (चिपला योग्य व्होल्टेज देणाऱ्या भागांवरचे) पॅड वेगवेगळ्या जाडीचे असतात, अर्धा, एक, दीड, दोन मिलिमीटर. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या कार्डाला मी सगळीकडे दीडचे पॅड लावले होते. पॅडनी हिटसिंक उचलून धरला, चिपला तो टेकलाच नाही, आणि कार्ड सुरू करताच दोन मिनिटांत शंभरी गाठली. वेळीच बंद केलं म्हणून कार्ड वाचलं. तेव्हापासून प्रत्येक जुन्या पॅडची जाडी मोजल्याशिवाय आणि फोटो काढल्याशिवाय मी नवा कापत नाही. जुना पॅड दबलेला असतो, म्हणून न दबलेल्या कडेवर मोजायचं.

पॅडचं महत्त्व कंपन्यांनाही महागात पडून कळलेलं आहे. २०१६ मध्ये ईव्हीजीएच्या जीटीएक्स १०८० आणि १०७० एफटीडब्ल्यू कार्डांत व्हीआरएम जास्त तापत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने गिऱ्हाइकांना जादा पॅड मोफत पाठवले आणि फॅन जास्त फिरवणारा बायोस दिला. कोरचं तापमान नीट दिसत असताना शेजारचे भाग भाजत होते.

पेस्ट साधी, नावाजलेली घ्या. फार पातळ पेस्ट आपल्या उष्णतेत चिपच्या खालून हळूहळू बाहेर सरकते. फेज-चेंज प्रकारचा, म्हणजे गरम झाल्यावर मऊ होणारा, हनीवेलचा पीटीएम ७९५० पॅड मिळाला तर तो चांगला टिकतो, फक्त नकली माल फार फिरतो.

जुनं कार्ड घेणाऱ्यांना एक सांगणं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाने खाणकामाची (कार्डं रात्रंदिवस चालवून नाणी मिळवण्याची) पद्धत बंद केली आणि तेव्हापासून खाणीत राबलेली कार्डं बाजारात आली. अशी कार्डं वाईटच असतात असं नाही, पण पॅड आणि फॅन दमलेले असतात. अर्धा तास भार देऊन मेमरीचं तापमान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि हे बघणं दुपारी करा.

वॉरंटीला पाठवताना

मूळ वेगावर, उघड्या कॅबिनेटमध्ये, चांगल्या एसएमपीएसवरही कार्ड कोसळत असेल तर ते सदोष आहे. ओसी वेग कंपनीने स्वतः दिलेला आहे. त्या वेगावर कार्ड चालवणं ही तिचीच जबाबदारी, तुम्ही वेग उतरवून भागवून घ्यावं असं ती म्हणू शकत नाही. खोलीचं तापमान, अर्ध्या तासाच्या नोंदी, ठिपक्यांचा व्हिडिओ आणि बिल एकत्र पाठवा. व्हिडिओत सिरियल नंबर दिसू द्या. "कार्ड तपासलं, दोष नाही" असा शेरा मारून परत आलं, तर किती वेळ आणि किती तापमानाच्या खोलीत तपासलं ते लेखी विचारा. मागच्या वर्षी एका एडिटरचं कार्ड असं दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा आम्ही नोंदींचा कागद जोडला तेव्हा बदलून मिळालं.

तरीही टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते.

पार्सल करताना कार्ड आधी अँटिस्टॅटिक पिशवीत, मग मूळ खोक्यात, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात घाला, मधे चारी बाजूंनी फोम. जड हिटसिंकचं कार्ड वाटेत आपटलं की बोर्ड वाकतो, आणि मग दोष आधीचा की प्रवासातला हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. खोकं बंद करण्याआधी कार्डाचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.